नग एक, मार्गे मस्कत

केवळाबाई गेल्याचं हणमंतरावांना पिठाच्या गिरणीत कळलं. रविवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते. डब्यातली ज्वारी गिरणीत ओतून झाली होती आणि पट्ट्याच्या आवाजात खिशातला फोन वाजलेला त्यांना ऐकू आला नाही, नुसता थरथरलेला जाणवला.

"अण्णा," राजकन्या म्हणाली. पुढचं काही कळलं नाही.

"मी गिरणीत हाय. मोठ्यानं बोल."

ती परत काहीतरी बोलली.

"अगं मोठ्यानं बोल मनलं ना! हितं काय बी ऐकू येत न्हाई."

मग शारजाहून पोरगी ओरडली, "माय गेली अण्णा! माय गेली!"

ते रांगेतल्या बायांनीही ऐकलं. गिरणीवाल्या सरजाबाईनं बटण बंद केलं. पट्टा हळू हळू फिरत थांबला आणि मग फोनमधलं रडणं सगळ्या गिरणीत स्वच्छ ऐकू यायला लागलं. हणमंतराव दळण तिथंच टाकून घरी आले. पुढं कितीतरी दिवस त्यांना एकच गोष्ट आतून खात राहिली. आई मेल्याचं पोरीला ओरडून सांगावं लागलं, तेही दोनदा मोठ्यानं बोल म्हटल्यावर.

राजकन्येचं पहिलं बाळंतपण होतं, म्हणून केवळाबाई तीन महिन्यांपासून शारजालाच होती. मुलगी झाली होती, बावीस दिवसांची. केवळाबाईनं सकाळी नातीला न्हाऊ घातलं, झोपवलं, गॅसवर हळिवाची खीर ठेवली आणि जरा बसते म्हणून भिंतीला टेकून बसली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. शारजाच्या शेजारच्या देशात लढाई सुरू झाली होती, पण तिच्या मरणाशी लढाईचा काही संबंध नव्हता. संबंध नंतर आला.

दुपारपर्यंत लातूरचं घर भरलं. नांदेडहून मुलगा दयानंद आला. चाकूरहून धाकट्या भावाची बायको चांगुणाबाई आली, सोबत तिची मुलगी तनुजा. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती. तनुजाचं लग्न महिन्यावर आलं होतं आणि ती सोयरीक केवळाबाईनंच जमवली होती. संध्याकाळी देवणीहून केवळाबाईचा धाकटा भाऊ लिंबाजी आला. त्याच्या काखेत कागदात गुंडाळलेली हिरवी साडी होती. सवाष्ण बाई गेली की माहेरची साडी नेसवूनच तिला न्यायची असते. लिंबाजीनं ती साडी केवळाबाईच्या कॉटवर उशीच्या जागी ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

मंगळवारी जावई शिवशंकरनं फोनवर एका कागदाचा फोटो पाठवला. विमानाची बिल्टी होती ती, माल घेतल्याची पावती. हणमंतरावांनी चष्मा पुसला. छत्तीस वर्षं त्यांनी लातूरच्या मोंढ्यात ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसात बिल्ट्या लिहिल्या होत्या. तूरडाळ, पेंड, कापूस, लग्नाची भांडी, सोयाबीनचं बियाणं. पाठवणारा कोण, घेणारा कोण, नग किती, वजन किती. इंग्रजी त्यांना बेताचंच येत होतं, पण बिल्टी कुठल्याही भाषेतली त्यांना वाचता आली असती. पाठवणार शिवशंकर. घेणार हणमंतराव. शारजा ते हैदराबाद. नग एक. वजन एकशे बेचाळीस किलो.

केवळाबाई पन्नास किलोच्या वर कधी गेली नव्हती. बाकीचं वजन पेटीचं.

"बिल्टी झाली," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "उद्या दुपारी हैदराबाद. दिवस मावळायच्या आत लातूर."

चूक झाली ती इथं, आणि ती त्यांचीच होती. पुस्तकातून बिल्टी फाटली म्हणजे माल निघाला, असं ते जन्मभर व्यापाऱ्यांना सांगत आले होते. खरं तर बिल्टी फाटल्यावरही दोन दोन दिवस माल गोदामात पडलेला त्यांनी पाहिला होता. पण त्या दिवशी ते व्यापाऱ्याच्या बाजूला उभे होते. त्यांनी कागदावर विश्वास ठेवला.

बुधवारी पहाटे दयानंद अँब्युलन्स घेऊन हैदराबादला गेला. इकडं लिंबाजीनं बांबू आणून, वेळ नको जायला म्हणून, तिरडी बांधून ठेवली. पाहुणे आले. अंगणात चूल मांडून पाणी तापत ठेवलं. दीड वाजता दयानंदचा फोन आला.

"अण्णा, विमान निघालंच न्हाई. आभाळ बंद केलंय म्हणतात."

"कुणी?"

"तिकडच्या सगळ्या देशांनी. रॉकेटं उडून राहिलीत. एक बी विमान वर जाऊ देत न्हाईत."

लिंबाजीनं ते ऐकलं. "आभाळ बंद करता येतं व्हय?" तो म्हणाला. "शिवारातली वाट कुणी अडवली तर बांधावरून जाता येतं. आभाळाला काय बांध घातलेत काय?"

पाहुणे थोडा वेळ बसले, मग एक एक करून उठले. मयताला आलेल्या माणसांना मयत न करता परत जायचं कसं ते कळत नव्हतं. कुणी हात जोडले, कुणी नुसतं पायात चपला घालून गेलं. तिरडी अंगणात राहिली.

"रिकामी तिरडी दारात ठेवत नसतेत," चांगुणाबाई म्हणाली. "ती माणूस मागती. लिंबाजीभाऊ, काय घाई होती तुम्हाला?"

"मला काय सपान पडलं होतं? दाजींनी सांगितलं, दिवस मावळायच्या आत येती म्हणून."

हणमंतराव उठले. तिरडीजवळ बसून त्यांनी सुंभाच्या गाठी सोडायला घेतल्या. लिंबाजीनं विळा पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. ट्रकच्या ताडपत्रीची गाठ कधी कापायची नसते, सोडायची असते, दोर परत लागतो. सगळ्या गाठी सोडून त्यांनी सुंभाचा वेढा केला, दोन्ही बांबू मागच्या भिंतीला उभे लावले. "ती आल्यावर लागतील," ते म्हणाले.

दयानंद रिकामी अँब्युलन्स घेऊन सांजेला आला. त्यानं हैदराबादच्या विमानतळावरच्या मालाच्या फाटकाचं सांगितलं. तिथं ट्रकची रांग लागली होती. आखातात जाणारी भेंडी, मिरची, आंबे. माल वर चढत नव्हता आणि ड्रायव्हरला परत न्या असंही कुणी सांगत नव्हतं. एक जण तर रस्त्याच्या कडेला पेट्या फोडून आंबे वाटत होता, घ्या म्हणे, नाहीतरी सडणारच. औषधांच्या खोक्यांवर लोक बर्फ बदलत बसले होते.

"बर्फ," हणमंतराव म्हणाले.

*

दिवस जात राहिले. आभाळ कधी दोन तास उघडायचं, कधी परत बंद व्हायचं. उघडलं की जी थोडी विमानं निघायची त्यांत आधी दवाखान्यांची औषधं चढायची, मग यंत्रांचे सुटे भाग, मग ज्यांचा सौदा मोठा त्यांचा माल. मयतांच्या पेट्या मागं राहायच्या. शिवशंकर एका कंपनीत स्टोअरकीपर होता. ड्युटी संपली की रोज तो विमानतळाच्या गोदामात आणि तिथून शवागारात जायचा. "अण्णा, आज बी न्हाई," एवढंच त्याचं बोलणं असायचं.

हणमंतराव सकाळी आंघोळ करून अंगणात खुर्ची टाकून बसत. घरात चूल पेटत नव्हती. माणूस घरातून निघेपर्यंत चूल पेटवत नाहीत, आणि हे माणूस तर अजून घरात आलंच नव्हतं. शेजारपाजाऱ्यांचे डबे येत. केवळाबाई नसताना तीन महिने ते स्वतःच्या हातानं वरण-भात करून खात होते. तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं. ती येणार होती.

लग्न झाल्यापासून ती रोज बुकिंग ऑफिसात दुपारचा डबा घेऊन यायची. ते जेवत तोवर बाकावर बसून विचारायची, "आज कुठं कुठं धाडलं?" ते सांगायचे, नांदेड, निजामाबाद, सोलापूर, गुलबर्गा. ती ऐकायची आणि रिकामा डबा घेऊन परत जायची. त्यांतलं एकही गाव तिनं तेव्हा पाहिलं नव्हतं. हैदराबादच्या विमानतळावर तिला सोडायला गेले तेव्हा ती हसून म्हणाली होती, "आज तुम्ही मला बुक करून राहिलात. बिल्टी नीट ठेवा, न्हाईतर मला कोण सोडवून घेईल?" काचेच्या पलीकडं गेल्यावर तिनं मागं वळून हाताचा घास करून तोंडाकडं नेला. जेवत जा, असं.

पंधरा दिवसांपूर्वीचं तिचं परतीचं तिकीट होतं. तेच म्हणाले होते, "आता गेलीसच तर पोरीचा सव्वा महिना करूनच ये. मी काय ल्हान हाय का?"

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

*

दहाव्या दिवशी, मंगळवारी, चार वाजता शिवशंकरचा फोन आला. शवागारात जागा उरली नव्हती. कितीतरी देशांच्या लोकांच्या पेट्या अडकून होत्या. ते म्हणत होते, काय ते गुरुवारपर्यंत ठरवा. तिथं आपल्या लोकांची स्मशानभूमी होती, परवानगी मिळत होती. घरच्यांचं लेखी पाहिजे होतं. नवऱ्याचं.

"अर्ध्या तासानं करतो," शिवशंकर म्हणाला. "तोवर बोलून घ्या."

पुढच्या खोलीत सगळे बसले. पहिल्यांदा बोलली चांगुणाबाई.

"भावजी, रागावू नका. मी बोलते ते कुणालाच गोड लागणार न्हाई. पण दहा दिवस झाले. त्या बाईनं जलमात कुणाला पाच मिनिटं ताटकळत ठेवलं न्हाई, आन् तिला तुम्ही बर्फात ठेवलंय. तिथंच अग्नी द्या."

"तुमच्या पोरीच्या लग्नाची तारीख जवळ आली म्हणून सांगून राहिलात," लिंबाजी म्हणाला.

"हाव, आलीच हाय. लपवू कशाला? अग्नी दिल्याबिगर दिवस धरता येत न्हाईत म्हणतो बामण. ह्या आठवड्यात झालं तरच तेरावा लग्नाच्या आत बसतो. पोरीला बाप न्हाई, तारीख एकदा मोडली की पोराकडचे परत येतील का? ही सोयरीक जाऊबाईनंच जमवली. त्यांना चाललं असतं का मोडलेली?"

"आई, गप बस," तनुजा म्हणाली. "माझं लग्न पुढं ढकला. मोठ्या आईला आणा. मी चार महिने थांबते."

"तू थांबशील. ते थांबतील का?"

"न थांबले तर न थांबले."

"ऐकलं का भावजी? जाऊबाईनं डोक्यावर बसवलेली पोरगी ही."

लिंबाजीनं मांडीवर थाप मारली. "पोरगी बरोबर बोलती. आक्का देवणीची लेक हाय. परक्या मुलखात, ना ओळखीचं लाकूड ना ओळखीचा माणूस. माहेरची साडी हितं पडलीय. ती नेसल्याबिगर तिला कोण न्हेतंय बघतो मी."

"मामा, तुम्ही बघणार म्हणजे काय करणार?" दयानंद म्हणाला. "विमान उडवणार?"

"तू आईचा पोरगा हायस ना रे?"

"हाय म्हणूनच." दयानंदचा आवाज चढला, मग खाली आला. सुरुवातीचे आठ दिवस तो मामाच्या बाजूनं होता. "राजू रोज रडती मला फोनवर. ओली बाळंतीण हाय. अंगावरचं दूध कमी झालंय तिचं. शिवशंकर दिवसभर घरात नसतो, भोंगा वाजला की ही पोर घेऊन जिन्याखाली जाऊन बसती. माझी आई गेली, मामा. आता बहीण पण..." तो थांबला. "अण्णा, तुम्ही बोला."

हणमंतरावांनी खिशातून एक कागद काढला. जुन्या बिल्टी पुस्तकाचा पाठकोरा कागद होता. त्यावर त्यांनी गावांची नावं लिहिली होती.

"मस्कतहून विमानं चालू हायत," ते म्हणाले. "मी बातम्या बघतो, शिवशंकरला बी विचारलं. तिकडचं आभाळ उघडं हाय. शारजाहून मस्कत पाच-सहा तासांचा रस्ता. गाडीनं पेटी मस्कतला न्यायची, तिथून हैदराबाद. सोलापूरचा रस्ता बंद असला की आपण बार्शीवरून माल काढत होतो. तसं."

"अण्णा, ती माल न्हाई," दयानंद म्हणाला.

"माल हाय म्हणूनच तर रस्ता हाय." हणमंतराव त्याच्याकडं बघत होते. "माणसाला शंभर ठिकाणी अडवतात. मालाला कागद असला की झालं. मी काय तिला माल म्हणून राहिलो का? कागद म्हणून राहिलाय. त्या कागदावरून जेवढं होतं तेवढं करू दे मला. दुसरं काय येतंय मला?"

मग लिंबाजी म्हणाला, "दाजी, लाख बोललात."

फोन आला. दयानंदनं तो पाण्याच्या तांब्याला टेकवून मधे ठेवला आणि आवाज मोठा केला. हणमंतरावांनी कागद समोर धरला. एखाद्या ट्रकवाल्याला विचारावं तसं ते विचारत गेले. गाडी कुठली, नाक्यावर कागद कोण बघतं, मस्कतच्या गोदामात बर्फाची सोय हाय का, तिथून विमान कोणत्या वारी.

शिवशंकर सावकाश उत्तरं देत होता. मस्कतमार्गे नेता येईल. पण सगळे कागद नव्यानं काढावे लागतील, दोन्ही देशांचे. आठ दिवस लागतील, जास्तही लागतील. "आणि अण्णा, मधेच नाका बंद झाला तर पेटी ना इकडं ना तिकडं. रस्त्यात राहील. ते मी तुमच्यापासून लपवत न्हाई."

"तिथं माणूस उभा पाहिजे," हणमंतराव म्हणाले. "गोदामात माल तुंबला की ज्याचा माणूस उभा असतो त्याचा माल आधी चढतो. तू जाऊन उभा राहा मस्कतला. माझ्याजवळ पासपोर्ट असता तर मीच राहिलो असतो."

फोनमध्ये मागं बाळ रडत होतं.

"काय रे?"

"राहतो अण्णा. सुट्टी मिळवतो."

तेवढ्यात तनुजा उठून फोनजवळ येऊन बसली. "जिजाजी, शुक्रवारच्या बसचं सांगा ना."

"कसली बस?" हणमंतरावांनी विचारलं.

"काही न्हाई अण्णा," शिवशंकर म्हणाला.

"काही न्हाई कसं? मोठे अण्णा, राजूताईनं मला सांगितलं. ह्यांची कंपनी बायकापोरांना बसनं मस्कतला न्हेऊन राहिली. तिथून विमानात बसवणार. शुक्रवारी. ताईचं नाव होतं त्यात, बाळाचं बी होतं. ताईनं नाव काढून टाकलं."

"कामून?"

तनुजानं मान खाली घातली. ती दहा दिवस मोठ्या आईला आणा म्हणत होती, आणि आता हे तिलाच सांगावं लागत होतं. "मायला बर्फात एकटी टाकून कशी जाऊ, म्हणाली."

हणमंतरावांनी कागदाची घडी केली. "शिवशंकर, राजकन्येकडं दे फोन."

मग ती आली. "अण्णा."

"शुक्रवारच्या बसमधून ये तू."

"मायचं झाल्याबिगर न्हाई येत."

"तिथं भोंगे वाजून राहिलेत..."

"दहा दिवस वाजून राहिलेत अण्णा." ती ओरडत नव्हती. गिरणीतल्या त्या दिवशीसारखी ओरडली असती तर बरं झालं असतं. "रोज फोन येतो तुमचा. पेटी कुठं हाय, बर्फ हाय का, कितव्या रांगेत हाय. माय कधी येती म्हणून मामा विचारतात. दयादादा विचारतो. मला कुणी ये मनलं न्हाई. ल्हानीला घेऊन ये, असं कुणी मनलं न्हाई."

खोलीत सगळे तांब्याकडं बघत होते. चांगुणाबाईनं तोंडाला पदर लावला.

खरं होतं. हणमंतरावांनी आठवून पाहिलं. बाळाचं वजन किती झालं हेसुद्धा त्यांनी विचारलं नव्हतं. पेटीचं विचारलं होतं.

"तुझी माय तिथं थांबली ती माझ्यामुळं," ते म्हणाले. हे ते पहिल्यांदाच बोलत होते, आणि सगळ्यांसमोर. "तिचं तिकीट होतं. मीच थांब मनलो. तिला यायचं होतं गं. मला ती घरात पाहिजे, राजू. एकदा ह्या दारातून आत आलेली पाहिजे. बाकी काय न्हाई." ते पाणी प्यायले. "पण तिला विचारलं असतं तर ती काय बोलली असती मला ठाऊक हाय. तिथंच करा तिचं. गुरुवारी करा. शुक्रवारी बसमधी बस. अस्थी तुझ्याजवळ घे. अस्थीला बिल्टी लागत न्हाई, मांडीवर घेऊन येता येतं."

"दाजी!" लिंबाजी उभा राहिला. "असं कसं? आन् मी साडी काय करू? देवणीला परत न्हेऊ? तिथं कोण हाय तिला नेसवायला?"

"लिंबाजी, बस."

"न्हाई बसत."

तो दारापर्यंत गेला. उंबऱ्यावर थांबला. भिंतीला लावलेले दोन बांबू तिथून दिसत होते. मग परत आला, खाली बसला आणि फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन मोठ्यानं बोलला, जसं काही अंतर कापून आवाज जायला पाहिजे.

"राजे, मामा बोलतोय."

"बोला मामा."

"तिथं हिरवी साडी मिळती का?"

"मिळती."

"काठाची आण. नेसवू देतात का?"

शिवशंकरचा आवाज आला, "नेसवू देत न्हाईत मामा. वरून पांघरता येईल."

"पांघर. देवणीची हाय म्हणून पांघर. लिंबाजीनं दिली म्हणून सांग तिला." मग तो उठून मागच्या अंगणात गेला आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिला.

दयानंदनं कागद लिहून आणला. हणमंतरावांनी सही केली. छत्तीस वर्षांत त्यांनी हजारो सह्या केल्या होत्या, सगळ्या काहीतरी पाठवण्यासाठी.

चांगुणाबाई त्यांच्याजवळ आली. तिला पाहिजे होतं ते झालं होतं, पण तिचा चेहरा तसा नव्हता. "भावजी, लग्नाचं मी उगं बोलले. पुढं ढकलू आपण."

"नको," ते म्हणाले. "तिनं जमवलेलं हाय."

*

गुरुवारी तिकडचे अकरा म्हणजे इकडचे साडेबारा. शिवशंकर म्हणाला होता, व्हिडिओ कॉल लावतो. हणमंतराव नको म्हणाले. त्यांना तिचा हात तोंडाकडं नेलेला, काचेपलीकडचा, तेवढाच ठेवायचा होता. दयानंद मात्र बाहेर जाऊन फोनवर बघत उभा राहिला. आत आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते. "अग्नी मी द्यायला पाहिजे होता," एवढंच म्हणाला. अग्नी जावयानं दिला. हिरवी साडी पेटीवर होती, असं दयानंदनं मामाला सांगितलं. लिंबाजीनं रंग विचारला, काठ विचारला आणि मग मान हलवली.

संध्याकाळी तनुजानं चूल पेटवली.

शुक्रवारी राजकन्या बसमध्ये बसली. कंपनीनं फक्त बायकापोरांना जाऊ दिलं, शिवशंकर मागं राहिला. नाका ओलांडला म्हणून तिचा निरोप आला तेव्हा लिंबाजीनं देवाला हात जोडले. मांडीवर बाळ होतं आणि पायाशी पिशवीत अस्थींचा स्टीलचा डबा. नाक्यावर तपासणाऱ्या बाईनं डबा उघडून दाखव म्हटलं, मग राजकन्येचं तोंड बघून राहू दे म्हणाली.

विमान शनिवारचं होतं. शनिवारी ते रविवारवर गेलं. मस्कतला चार देशांची माणसं येऊन पडली होती आणि जागा थोड्या होत्या. राजकन्या तिथं एका धर्मशाळेसारख्या जागी बाकीच्या बायांबरोबर होती. "बाळ बरं हाय अण्णा," ती म्हणाली. "तीन किलो आठशे भरली." त्यांनी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं.

रविवारी हणमंतराव अंगणात बसले आणि सवयीनं त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. शारजा ते लातूर. मार्गे मस्कत, हैदराबाद. नग, असं लिहिलं आणि हात थांबला. तो शब्द त्यांनी खोडला. त्याच्यापुढं लिहिलं, तिघी.

सोमवारी ते गिरणीत गेले. बाळंतीण यायची होती, घरात ज्वारीचं पीठ पाहिजे होतं. सरजाबाईनं त्यांचा डबा फडक्यानं झाकून वरच्या फळीवर ठेवला होता.

"दळून ठेवलं होतं दादा," ती म्हणाली. "पण सोळा दिवस झाले. भाकर कडू लागंल. ते जनावराला घाला. ज्वारी आणा, आत्ता दळून देते."

त्यांनी घरून ज्वारी आणली. गिरणी चालू झाली. दळण होईपर्यंत ते फोन हातात धरून दाराशी, रस्त्याच्या कडेला उभे राहिले. तिथं आवाज कमी होता. कुणी हळू बोललं असतं तरी ऐकू आलं असतं.

घरी आल्यावर पीठ त्यांनी चाळून डब्यात भरलं. कॉटवरची साडी लिंबाजीनं नेली नव्हती. ती कागदातच होती. दोन बांबू भिंतीला होते. बाळाचं नाव ठेवायचं राहिलं होतं, ते केवळाबाई लातूरला परत आल्यावर सांगणार होती. हैदराबादच्या विमानात त्या दिवशीही जागा मिळाली नाही. तिघींचं यायचं राहिलं होतं.